उंबऱ्यावरची शालन

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

कडेगाव,
दि. २० फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप मनुआक्कास, धाकटा भाऊ केरबाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी आणि सूनबाई गं. भा. शालनची खुशाली कळवत जावी.

आक्का, तुझ्या सयाजीला जाऊन दोन वर्षं झाली. लढाईतून तार आली त्या दिवसापासून डोक्यात जे घोळत होतं, त्याचं मी गाणं केलंय. हसू नको. पेटी मला वाजवता येतेच, गळाही देवानं बरा दिलाय. सांगलीहून टेपचं मशिन आणलं, तेव्हा पहिलं तेच भरलं.

परवा एका लग्नात माझा स्पीकर होता. वऱ्हाड जेवायला बसलं होतं. तबकड्या बदलून कंटाळलो होतो, म्हणून कर्ण्यावर माझी टेप लावली. "सयाजी गेला सीमेवर, शालन उभी उंबऱ्यावर" ही ओळ आली आणि पंगतीतले हात थांबले गं. वाढपी बादल्या घेऊन उभेच. बायकांनी डोळ्याला पदर लावले. नवऱ्या मुलाच्या बापानं, हे नवं गाणं कुणाचं म्हणून विचारलं. माझं म्हणालो, तर त्याला खरंच वाटेना.

आमच्या धंद्यातली माणसं मात्र नावं ठेवतात. विट्याचा नाथाजी स्पीकरवाला मला तोंडावर म्हणाला, की स्पीकरवाल्यानं लोक मागतील ते लावावं, दुसऱ्याच्या मांडवात आपलंच घोडं दामटू नये, एवढी हौस असेल तर तमाशात जावं. पंधरा वर्षं मी परक्यांच्या आवाजासाठी पिना बदलतोय. एक गाणं माझं वाजलं तर काय बिघडलं? तरी पोरगा तुझा. तू नको म्हणालीस तर वाजवणार नाही.

आहे ती माया अशीच राहू दे.

तुझा,
केरबा

॥ श्री ॥

रहिमतपूर,
दि. ४ मार्च १९७४

चिरंजीव केरबास मनुबाईचे अनेक आशीर्वाद. नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि शालन लिहीत आहे.

तुझं पत्र शालनकडून दोनदा वाचून घेतलं. लहानपणी गुरं सोडून भजनातल्या पेटीमागं हिंडायचास आणि आबांचा मार खायचास. त्या माराचं चीज झालं म्हणायचं! नाथाजीला म्हणावं, तुझ्या का पोटात दुखतंय? सयाजीच्या नावाचा सरकारी कागद आम्ही काच घालून भिंतीला लावलाय. येणारा-जाणारा बघतो आणि पाणी पिऊन जातो. तुझ्या कर्ण्यातून लेकराचं नाव चार गावांत जात असेल, तर खुशाल वाजव. शालनलाही विचारलं. तिनं मान हलवली.

उन्हातान्हाचा तारांसाठी खांबावर चढू नकोस. जीव सांभाळून राहावं, हा आशीर्वाद.

मनुबाई

ता. क. मामांना माझा नमस्कार. गाणं अजून ऐकलेलं नाही. शालन.

रहिमतपूर,
दि. २९ ऑक्टोबर १९७४

केरबा, आक्काचा आशीर्वाद. ह्ये पत्र शालनच्या हातचं न्हाई. हरिबा पोस्टमनाला देवळाच्या पारावर बसवून सांगतीया, आन् त्याला म्हनलंय, बोलती तसंच लिव्ह. शालनला ह्यातलं कायबी ठावं न्हाई.

शालनला लग्नाची जागा आलीया. व्हय, आपल्या शालनलाच. सांगलीला हळदीच्या पेठेत कृष्णात म्हनून तोलार हाय, पोती तोलतो. बायको बाळंतपणात गेली. मानूस सरळ हाय, सुपारीचं खांड खाईत न्हाई. आपल्यात असलं हुईत न्हाई म्हनून भावकी मला फाडून खाईल. खाऊ दे. मी ऐन जवानीत रांडाव झाले, पर माज्या वटीत सयाजी हुता. हिच्या वटीत काय हाय रं? दोन म्हैन्याचा संसार आन् भितीवरचा कागद. पोरीनं कवा त्वांड उघडून मागितलं न्हाई, म्हनून काय मला दिसत न्हाई व्हय?

समदं जुळत आलं हुतं. तर दसऱ्याला कृष्णाताची आई कडेगावाला पावन्यांकडं गेली, आन् तितं तुजा कर्णा वाजत हुता. शालन उभी उंबऱ्यावर, जल्मभर ऱ्हाईल उभी. म्हातारी तशीच माघारी गेली. तिनं सांगावा धाडलाय, की जिला मुलूख गान्यातनं वळखतोय, ती बाई आमी घरात कशी आनायची? लोक म्हनतील, जवानाची बायकू पळवून आनली.

खुशाल वाजव, आसं मीच म्हनले हुते, त्ये खरं. आता मीच सांगती, थांबीव. तू तसा सबुद दिलायस. पोरीचं कल्यान हुईस्तवर मला अन्न ग्वाड लागनार न्हाई.

मनुबाई

कडेगाव,
दि. ८ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप आक्कास केरबाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शब्द दिला होता, मान्य. पण तेव्हा गाणं नुसतं गाणं होतं. आता म्हसवडच्या रथाच्या यात्रेला पंचांनी मला बोलावलंय, आणि ते कर्ण्यासाठी नाही, गाण्यासाठी. जन्मात पहिल्यांदा कुणी मला माझ्या गाण्यासाठी बोलावलं गं. एवढ्यात नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि तू जरा विचार कर. शालन दुसऱ्या घरी जाईल. जाऊ दे, माझी ना नाही. पण ती गेली, गाणंही बंद केलं, मग आपल्या पोराचं राहिलं काय? त्या म्हातारीला मी समजावतो. सगळ्याच गाण्यांत बायका वाट बघत उभ्या असतात. त्यांच्या सासवांना कुणी विचारायला जातं का? म्हसवड होऊ दे, मग बघू.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

केरबा

रहिमतपूर,
दि. १६ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप केरबामामांच्या चरणी शालनचा नमस्कार.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं, मामा. आत्याबाईंना ते माझ्यापासून लपवायचं होतं. पण त्या रानात गेल्या होत्या आणि हरिबाच्या जागी आलेल्या बदली पोस्टमननं ते घरी माझ्याच हातात दिलं. संध्याकाळी मी नेहमीसारखं फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. दोन ओळींतच त्या नको नको म्हणायला लागल्या. मी शेवटपर्यंत वाचलं.

तुमचं गाणं मी श्रावणात शेजारच्या गावी ऐकलं. खोटं कशाला सांगू, मीही रडले. गाणं चांगलं झालंय, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. तुमच्या तबकड्यांतल्या बायकांना घर नसतं. गाणं संपलं की त्या संपतात. तुमचं गाणं संपल्यावर मला नळावर पाण्याला जायचं असतं. मागच्या महिन्यात तिथं कुणाच्या तरी बोलण्यावर मी हसले, तर एक बाई म्हणाली, की बघा, उंबऱ्यावरची शालन हसतीया. मी घागर अर्धीच घेऊन घरी आले.

कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. फोटो बघितल्याशिवाय मला आता त्यांचा चेहरा आठवत नाही. दोन महिन्यांत किती ध्यानात राहणार? पहिल्यांदा मी त्यासाठी रडायचे, आता रडत नाही. तुमच्या गाण्यातली शालन रोज आठवण काढते. मी काढत नाही, मामा.

जन्मभर उभं राहते असं मी कुणाला कबूल केलेलं नव्हतं. ते तुम्ही माझ्या नावावर म्हणून टाकलंत. मला बसायचंय. मला कृष्णातांच्या घरी जायचंय, हे मी माझ्या हातानं लिहिते आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पोटात घालावं.

आपली,
शालन

कडेगाव,
दि. २० डिसेंबर १९७४

चिरंजीव शालन हिस मामाचा आशीर्वाद.

म्हसवडचा रथ पार पडला. गाणं वाजलं नाही. लोकांनी ओरडून ओरडून मागितलं. पंच मशिनजवळ येऊन वाटेल ते बोलले, पुढच्या वर्षी पाऊल टाकू नको म्हणाले. मी तबकड्या लावत राहिलो. नाथाजी आला होता. मला वाटलं हसेल, पण हसला नाही.

तिथून थेट सांगली गाठली. कृष्णाताच्या आईच्या पुढ्यात बसलो आणि सिद्धनाथाची आण घेतली, की हे गाणं पुन्हा कर्ण्यावर चढणार नाही. म्हातारी चहा टाकायला उठली. माघात मुहूर्त धरायला सांगितलाय.

तुझ्या लग्नाचा स्पीकर माझा. लावीन ती झाडून सगळी दुसऱ्यांची गाणी, आणि लय मोठ्यानं लावीन. पोरी, तुझं पत्र मी जपून ठेवलेलं नाही, जाळलं. त्यातलं कुणाला कळणार नाही.

मामावर राग धरू नकोस.

केरबा

रहिमतपूर,
दि. १७ मार्च १९७५

केरबा, आक्काचा आशीर्वाद. हरिबाच लिवतोय. आता दुसरं कोन हाय लिवायला?

सौ. शालनचं पत्र आलं. बरी हाय. कृष्णात तिला सिनेमाला घेऊन गेलता. मला लय बरं वाटलं. भावकी आजून बोलत न्हाई, पर लग्नात तुज्या कर्ण्यानं आसा दनका लावलता, की घरात बसून त्यास्नी समदं ऐकावंच लागलं आसंल.

केरबा, घर लय मोठं झालंय रं. शालन हुती तवा दिवसातनं एकदा तरी सयाजीचं नाव निगायचं. भांड्यावरनं, न्हाईतर त्याच्या सदऱ्यावरनं. आता कुनाम्होरं काडू? भितीसंगं बोलायचं का?

मी तुला वाजव म्हनले, आन् मीच थांबीव म्हनले. पर त्ये गानं मी आजून ऐकलंच न्हाई. येकदा ती टेप घिऊन ये. दार लावून घिऊ. बारीक आवाजात मला येकलीला ऐकीव, मग न्हे माघारी. तेवढं केलंस, तर आनी काय मागनार न्हाई.

मनुबाई

कडेगाव,
दि. २४ मार्च १९७५

तीर्थस्वरूप मनुआक्कास केरबाचा नमस्कार.

आक्का, टेप नाही. म्हसवडला निघायच्या आदल्या दिवशी मी ती मशिनवर लावून पुसली. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. टेप जवळ असती आणि हजार माणसांनी माझं गाणं मागितलं असतं, तर हा हात राहिला नसता. शालनला हे कळवलं नाही, उगीच मनाला लावून घेईल. पुसल्यावर टेप परत एकदा लावून पाहिली. नुसती खरखर होती. मी तिथंच बसून पोरासारखा रडलो.

पण गाणं मला पाठ आहे. रविवारच्या गाडीनं येतो. मशिन आणत नाही, कर्णा आणत नाही, नुसती पेटी घेऊन येतो. दार लावायचं कारण नाही, माझा एकट्याचा आवाज तुझ्या अंगणाबाहेर जाणार नाही. शालनची ओळ मी गाळलीय. तिथं नुसती पेटी वाजेल, तेवढं तू समजून घे. बाकीचं सगळं सयाजीचं आहे. तू म्हणशील तितक्या वेळा म्हणेन.

दुपारपर्यंत पोचतो. भाकरी थापून ठेव आणि माझ्याआधी रडत बसू नकोस.

तुझा धाकटा,
केरबा