वल्ह्याला तेल

२७ सप्टेंबर, शनिवार
सारिकाचा फोन. दसऱ्याला येते म्हणाली. बँकवाले तिला सिंगापूरला पाठवतायत, तिथली मोठी साहेब करून. जायचं की नाही ते अजून तिनं सांगितलं नाही. मी म्हटलं, ये आधी.
भास्करला सांगितलं, तुझी लेक येतेय. तो झेंडूच्या वाफ्यात तुंबलेलं पाणी काढत होता. पाऊस लागून बसलाय. म्हणाला, येऊ दे, घर तिच्या आजीचं आहे. एरवी त्याला हे आठवत नाही.

२८, रविवार
पाऊसच. काही काम नाही.
बापलेक बोलत नाहीत त्याला किती वर्षं झाली, मोजायचं सोडलं. ऑलिंपिकहून आली तेव्हा उघड्या जीपमधून मिरवली. पदक नव्हतं. पण गावची पोरगी टीव्हीत होडी वल्हवताना दिसली, लोकांना तेवढं पुरे. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात मोठी जागा घेणार, असं भास्करनं माइकवर सांगून टाकलं. पोरीला विचारलंच नाही. ती नाही म्हणाली. बंगळूरला जाऊन शिकली, मग मुंबईची बँक. हा म्हणाला, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. ती म्हणाली, माइकवर मी बोलले नव्हते. तेव्हापासून निरोप सूनबाईमार्फत. दोघं माझ्यावर गेलेत, दुसरं काय.

२९, सोमवार
शेजारची मंदा आली. सारिकाच्या बँकेत पीककर्ज मिळतं का. किती वेळा सांगायचं, ती बँक तसली नाही. एक कंपनी विकायची असते, दुसरीला घ्यायची असते, ही मधे बसून जमवून देते. मंदा म्हणते, म्हणजे लग्न जमवणारी. म्हटलं हो. स्वतःच्या बापाशी जमत नाही तेवढं.

३०, मंगळवार
आली. खांदे तेच, दारातून आडवी शिरते. तळहात धरून पाहिले. पूर्वी असे घट्टे असायचे की आमच्या हातांना लाज वाटावी. आता मऊ.
भास्कर आधीच जेवून मळ्यात.
तिनं विचारलं, "अण्णा माझ्या गाडीचा आवाज ऐकून उठले की आधीच?"
म्हटलं, ऐकून. खोटं बोलायचं माझं वय राहिलं नाही.
जेवली थोडं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
आज अवजारांची पूजा. ओसरीत गोणपाटावर विळे, खुरपी, फवारणीचा पंप, पान्हे, टेम्पोची चावी. आणि वल्हं. क्लबनं सत्कारात दिलेलं, माणसाहून लांब. भास्कर दरवर्षी मांडतो. खोबरेल चोळतो, कुंकू लावतो, माळ घालतो. सारिका नवमीला कधी घरी नसते, तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. तोंड याला दिलंय देवानं.
सकाळी ती दारात आली तर हा खाली बसून वल्ह्याला तेल लावतोय. मी माळ ओवत होते, सुई बोटात गेली.
ती म्हणाली, "अण्णा, ते लाकूड नाही. कार्बन आहे. तेल पीत नाही."
यानं वर पाहिलं नाही. "मग इतकी वर्षं लावतोय ते गेलं कुठं?"
"तुमच्या हाताला."
हा आपले हात बघत बसला. मग म्हणाला, तुझं काय मांडायचं असंल तर आण. तिनं लॅपटॉप आणला. कुंकू आत गेलं तर बंद पडंल का, म्हणून यानं बोटाच्या टोकानं लावलं. अगदी कोपऱ्याला.
सूनबाई स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत होती. म्हटलं, भाजी करपतेय.

२, गुरुवार. दसरा
पहाटेच दोघं टेम्पो घेऊन फुलबाजारात. फुलं भिजलेली, माल कमी, पण गेला सगळा. भास्कर सांगत होता, व्यापारी बडबडत राहिला आणि ही नुसती त्याच्याकडं बघत उभी. शेवटी त्यानंच भाव वाढवला. हे त्यानं मला तीनदा सांगितलं.
संध्याकाळी सोनं दिलं तिनं, पाया पडली. यानं डोक्यावर हात ठेवला तो काढेचना. उंच पोरगी, पाठ दुखली असेल वाकून.

४, शनिवार
गंगापूर धरणावर गेलो. शिकाऊ पोरांची रुंद होडी मिळाली. वल्हवणाऱ्याची पाठ पुढं, जायचं तिकडं त्याला दिसतच नाही. शेवटाला बसतो त्याचं तोंड वल्हवणाऱ्याकडं, वाट त्यानं सांगायची. तिथं भास्करला बसवलं. मी काठाला खुर्चीवर. हे काय, समोरासमोर बसलेत, उठून जायला जागा नाही. मला बरं वाटलं.
लांबून याचा आवाज: "डावीकडं घे. तुझी डावी नव्हं, माझी!"
परत आले तर याची विजार भिजलेली. मी विचारलं, काय बोललात. म्हणाला, वाट सांगत होतो.
तिच्या हाताला फोड आलाय. हळद लावू दिली नाही.

५, रविवार
गेली. चिवडा, शेंगदाण्याची चटणी दिली. सिंगापूरचं कुणी काढलं नाही. भास्कर गाडीच्या काचेशी उभा राहून म्हणाला, तिकडं पाणी हाय का? ती म्हणाली, चारी बाजूंनी.
रात्री झोप चांगली लागली.

९, गुरुवार
ऊन पडलं. शेवंतीची खुरपणी.
दुपारी फोन वाजला. माझ्याआधी भास्करनं उचलला आणि अंगणात गेला. साहेबांना उद्या उत्तर द्यायचंय, अण्णा तुम्ही काय म्हणता, असं तिनं विचारलं. हे त्यानं नंतर सांगितलं. मला खिडकीतून नुसती पाठ दिसत होती.
आत आल्यावर मी म्हटलं, मग? काय म्हणालास?
"म्हटलं, तुला काय करायचंय ते सांग आधी."
"आणि ती?"
"म्हणाली, हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय. रात्री फोन करते."
चहा गार झाला होता, तोच प्याला. मग मळ्यात न जाता ओसरीत बसला, फोन शेजारी ठेवून.