ताईच्या नकाशातला सुटा डोंगर

प्रिय ताई,

काल दुपारी तुझ्या उस्मानपुऱ्याच्या घरी कपाटावरून श्रीलंकेचा नकाशा उतरवला आणि श्रीपाद शिखराचा माथा माझ्या हातात निघून आला. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. तुला जाऊन वर्ष झाल्यावर हे पत्र लिहितो आहे, ते त्यामुळेच.

कागदाच्या लगद्याचा तो नकाशा तू फुलंब्रीच्या तुझ्या वर्गासाठी केला होतास. उत्तरेला सपाट मैदान, मध्यापासून दक्षिणेकडे डोंगराळ प्रदेश, आणि तिथून चहूबाजूंना समुद्राकडे निघालेल्या निळ्या दोऱ्याच्या नद्या. तेव्हा कॉलेजात असलेला मी पट्टी घेऊन तपासायला बसलो. म्हणालो, सर्वात उंच श्रीपाद हवा. तू भलताच डोंगर वर नेला आहेस.

"पिदुरुतलागलाच उंच आहे रे. कॉमर्सला डोंगर कधीपासून शिकवायला लागले?"

"भिंतीवरचा श्रीपादचा फोटो बघ. भगवंतांचं पाऊल असलेल्या शिखरापेक्षा उंच दुसरं काय असणार?"

आपल्या घरात त्या फोटोपुढे वाद संपत असत. तू मुकाट्याने त्या डोंगराचा माथा काढून श्रीपादवर चढवलास. पुढे कित्येक वर्षे मी पाहुण्यांना सांगत राहिलो की ताईची चूक मी काढली. तेव्हा तू नेमकी चहा ठेवायला आत का जायचीस?

मागच्या महिन्यात आम्ही यात्रेला श्रीलंकेत गेलो. नुवारा एलियात वाटाड्याने गावामागचा गोलसर डोंगर दाखवला, माथ्यावर मनोरे असलेला. देशातला सर्वात उंच, पिदुरुतलागला. मी श्रीपादचे नाव घेतले. तो म्हणाला, "तो एकटा, टोकदार उभा आहे, म्हणून उंच वाटतो." मी बसमध्ये जाऊन बसलो. जेवायला उतरलो नाही.

म्हणून काल नकाशा दुरुस्त करायला आलो, तर माथा सुटाच. त्याच्या बुडाला टाचणी. आणि पिदुरुतलागलावर त्याच टाचणीने झिजून रुंद झालेले छिद्र.

तुझी लेक प्रज्ञा हसायला लागली. "मामा, शाळेत नेताना आई तो तिकडं खोचायची. तुम्ही येणार म्हटलं की परत इकडं."

"मला सांगितलं का नाही?"

"म्हणायची, सुधाचं घरात एवढं तरी बरोबर असू दे."

इतकी वर्षे, ताई? एकदा तरी तोंडावर सांगायचे होतेस. की मी ऐकणार नाही, हे तू ओळखून होतीस?

माथा मी त्याच्या जागी डिंकाने पक्का बसवला आहे. सोमवारी नकाशा फुलंब्रीच्या शाळेत नेऊन देईन. श्रीपादवरचे छिद्र मात्र बुजवणार नाही. ते कुणामुळे पडले, असे मुलांनी विचारले तर उत्तर मी स्वतः देईन.

तुझा धाकटा भाऊ,
सुधाकर