माझी न दुखलेली पाठ

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, दहिसरच्या चाळीच्या गॅलरीत, माझी भावजय वनमाला माझ्या डोक्याला खोबरेल चोळत होती. तिच्या लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. "वन्सं, मान ढिली सोडा. परीक्षेक बसल्यासारख्या काय बसलात?" ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. तिचा हात हलका आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी त्याचा गैरफायदा घेतला, म्हणून हे लिहीत आहे.

मी, कुमारी वसुधा बाबाजी परब, वय अडुसष्ट, विमा कचेरीतून निवृत्त, राहणार घाटकोपर पूर्व. माझं डोकं ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती मला हवी त्यापेक्षा चांगली आहे, आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं भाचा हर्षदच्या नावे होतं, मी रद्द करते.

एक. मालमत्तेआधी कबुली. २००९ साली माझी आई सोनूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळली. ती दहिसरला, माझा धाकटा भाऊ लवू याच्याकडे राहत होती. दर रविवारी मी जायचं आणि लवूच्या बायकोला, वनमालाला, मोकळं करायचं असं ठरलं. तीन रविवार मी आईचं सगळं केलं. चौथ्या रविवारी जाताना औषधांच्या दुकानातून कमरेचा पट्टा विकत घेतला आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, असं सांगितलं. मला कोणत्याही डॉक्टरने तपासलं नव्हतं. माझी पाठ आयुष्यात कधी दुखली नाही. मला आईचं अंग पुसायची किळस येत होती.

शाळेत सिस्टर सांगत, कबुली देताना कारण जोडू नये. वर मी जोडलं आहे. पण मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही, म्हणून राहू दे.

नऊ वर्षं मी पट्टा बांधून पाहुणीसारखी खुर्चीवर बसले. आईला कुशीवर वळवायची, उचलायची, पुसायची ती वनमाला. ते आटोपलं की हात धुऊन, तेल कोमट करून ती माझी पाठ चोळायची. "जरा खाली," असंही मी तिला सांगत असे.

एका रविवारी मी खाटेखाली वाकून आईची घरंगळलेली वाटी काढत होते. मागे वनमाला उभी होती. "वन्सं, पट्टो पिशवीतच रवलो. हे जिनो चढून येतत, बांधून घ्या." लवू दारात पोचायच्या आत तिनेच तो काढून मला बांधला. मग तेल तापवायला गेली. त्या दिवशीही. तिला केव्हापासून ठाऊक होतं, हे मी आजवर विचारू शकलेले नाही.

दोन. आता लवूला कंपवात आहे. त्याला उचलणारी पुन्हा वनमालाच, आणि तिची कंबर मात्र खरोखर गेली आहे. दहिसरला दोन जिने, माझ्या इमारतीला लिफ्ट. माझं हे घर वनमालाच्या एकटीच्या नावे करते. ती लवूचं करते म्हणून हे दिलेलं नाही. उद्या तिने कोणाचंच करायचं नाही असं ठरवलं, तरी घर तिचंच.

तीन. माझ्या ठेवींतून लवूसाठी दिवसभराची पगारी बाई ठेवावी. "कशाक? मी आसंय मा," असं वनमाला म्हणेल. तिचं ऐकू नये. दर मे महिन्यात तिला गावी पाठवावं, आणि तिथे कोणी आजारी माणूस तिच्या गळ्यात घालू नये.

चार. हर्षद हा लवू-वनमालाचा मुलगा, मुलुंडला राहतो. गेल्या गणपतीत मी त्याला विचारलं, "रविवारी तरी बाबाकडे येत जाशील ना?" तो म्हणाला, "आत्या, पाठ धरलीय ना यार. डॉक्टर म्हणाला, वजन अजिबात नाही." मी रिपोर्ट मागितला नाही. तो सूर माझ्या ओळखीचा होता.

पाच. हे मृत्युपत्र माझी शेजारीण संघमित्रा हिने सर्वांसमोर वाचावं आणि अमलात आणावं. वाचताना वनमालाला खुर्चीवर बसवावं. चहा हर्षदने करावा.

सहा. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तो पट्टा आहे. तो हर्षदला द्यावा. त्याला बसेल. मी तो कधी घट्ट बांधलाच नव्हता.

चष्मा लावून, पुन्हा एकदा वाचून सही केली.

वसुधा बाबाजी परब

आमच्या दोघांच्या देखत सही झाली:
१. संघमित्रा भीमराज जाधव, शेजारी
२. चैतन्य दामले, सोसायटीचे सचिव

घाटकोपर पूर्व, १६ नोव्हेंबर २०२५, रविवार