शार्दोंचा अर्थ

नाशिक, १७ जानेवारी २००२

ती. ताईस नमस्कार, आईच्या पायावर डोकं.

मी मजेत आहे. कॉलेज सोडलं म्हणून उपाशी नाही, द्राक्षबागेत कामाला लागलोय. मुकादमाशी या महिन्यात एकदाही भांडलो नाही. आईचा खोकला कसा आहे? इथपर्यंतचं तिला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

फ्रेंचच्या तासाला आपल्या गावची यशश्री मला सगळ्यांसमोर ‘शार्दों’ म्हणाली होती. मला वाटलं, लाडाचं काहीतरी असेल. म्हणून तर हसणाऱ्या पोराच्या कानाखाली वाजवली आणि कॉलेज सुटलं.

काल बाग बघायला एक फ्रेंच साहेब आले. मी वेलींखालचा पिवळा धोतरा उपटत होतो, हात सोलून निघाले होते. साहेब त्या झाडाकडे बोट करून म्हणाले, "शार्दों." मी खुरपं टाकून अर्थच विचारला. म्हणाले, असलं काटेरी तण. शब्द जुना, लॅटिनमधून आलेला. पण त्यांच्याकडे त्याच नावाच्या एका झाडाच्या बोंडांनी पूर्वी लोकरीचं कापड विंचरायचे, म्हणजे ते मऊ व्हायचं.

मग ती मला यातलं कुठलं म्हणाली?

मुकादम म्हणतो, "तण उपटायचं असतं भावड्या, त्याचा अर्थ काय विचारतोस?"

ती संक्रांतीला घरी इगतपुरीला आली असेल. तिच्या आईबरोबर आपल्याकडे हळदीकुंकवाला येईल, तेव्हा विचार. ‘विचारू नकोस’ असं वर समासात लिहून मी खोडलंय. ते दिसलं तरी वाचू नकोस.

तुझाच,
समर्थ