केवळ वाचनासाठी उघडलेली डिस्क

सर, तुमची डिस्क उघडली. तुमच्या मुलाने परदेशातून आणलेला तो पांढरा संगणक केव्हाच बंद पडला होता. त्याच्यासोबतची ही डिस्क तुम्ही गेल्यावर, दिवाळीनंतर अमरावतीला आलो तेव्हा काकूंनी माझ्या पिशवीत घातली. "तुह्या सरायनं यातच सारं लिहून ठेवलं. पोरगा म्हन्ते फेकून दे. तू पाह्य बरं, उघडते का. उघडली त त्यायच्या नावानं पुस्तक छापू."

अकोल्याला घरी माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडली, तर त्याने साधी ओळखही दाखवली नाही. डिस्कवर फाइली मांडायची त्या पांढऱ्या संगणकाच्या कंपनीची पद्धत निराळी. ती वाचायला दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कुणा अनोळखी माणसांनी तो लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवला आहे, आपल्या यंत्रावर मात्र आपणच बांधून घ्यायचा, आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की पुन्हा. पहिल्या वेळी बांधला जाईना. कर्नल एका आवृत्तीचा, त्याची रचना सांगणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्याच. जणू दोन पोथ्यांची पानं एका रुमालात. त्या जुळवता जुळवता रविवार गेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "व्याकरण सोडून नळदुरुस्ती शिकला काय बे?"

हा ड्रायव्हर डिस्क उघडतो ती केवळ वाचनासाठी. लिहायला गेलात तर आतलं बिघडेल, अशी ताकीदच आहे. मला हसू आलं. ते दिवस आठवले. रिद्धपूरच्या महानुभाव पोथीची सांकेतिक लिपी आपण तुमच्या स्वयंपाकघरात बसून उलगडतो आहोत, तीन उन्हाळे. काकू पलीकडे भाकरी थापतात. एक चुकलेलं अक्षर मी पेन्सिलीने पोथीतच दुरुस्त करायला जातो आणि तुम्ही माझं मनगट धरता. "पोथीले हात नाही लावाचा. दुरुस्ती आपल्या वहीत. हे काय तुह्या बापाचं वावर हाय?"

त्याच वह्या, सर. माझ्या अक्षरातल्या चार. त्यांना वाळवी लागली, असं तुम्ही सांगितलंत. मी वाळवीवर विश्वास ठेवला, इतकंच नव्हे, तर वाळवीचं औषधही मीच आणून दिलं. डिस्कवर चारही वह्यांच्या पानांची छायाचित्रं सुखरूप आहेत, फक्त माझं नाव असलेला पहिल्या पानाचा कोपरा कापलेला. शेजारी छापायला तयार ग्रंथ, आणि प्रस्तावनेत तुमचं वाक्य: "या लिपीच्या उलगड्यात मला कोणाचेही साहाय्य लाभले नाही." वाक्य शुद्ध आहे. मी तपासलं. मागितलं असतंत तर सगळं दिलं असतं, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. मनाला लागतं ते हेच.

आज्ञेत एक शब्द वाढवला की हीच डिस्क लिहिण्यासाठीही उघडता येते. तो शब्द टाइप केला. प्रस्तावनेत एक ओळ घालायची, कोणाला कळणार होतं? मग मनगटावरची तुमची पकड आठवली आणि खोडला. शिष्य चांगला घडवलात, एवढं श्रेय घ्या.

काकूंचा फोन आला. "उघडली काय रे?"

"नाही उघडली, काकू. खराब झाली."

त्या म्हणाल्या, "तिलेबी वाळवी लागली काय?"

मी हो म्हणालो.

हे तुम्हाला कळवायचं होतं, आणि कळवायला पत्ता नाही ते बरंच आहे. त्यानंतर दोनदा कर्नल बदलला. दोन्ही वेळा मी ड्रायव्हर पुन्हा बांधला. उत्तम चालतो.