चारात एक

नाशिक रोड
१० नोव्हेंबर

प्रिय रिदा,

अस्सलाम अलैकुम. निजाममामूंचा गुडघा आता कसा आहे? नांदगावला थंडी पडली असेल, शाळेत शिकवायला जाताना स्वेटर घालत जा. इकडे सगळे मजेत. शहजादला परवा रक्त चढवून आणलं. त्या दिवशी त्याला भूक फार लागते. अम्मीने खिमा केला, तर आपल्या भावाने एकट्याने अर्धं पातेलं संपवलं.

तुझा मेसेज वाचला. 'आपा, तू सांगशील ते.' मुद्दामच फोन केला नाही. फोनवर मी 'हो म्हण गं' म्हणून मोकळी झाले असते आणि तू आवाजावरून ओळखलं असतंस.

माझं लग्न मोडलं त्या फैजानची अम्मी रविवारी तुझ्यासाठी मागणी आणि मिठाई घेऊन आली. माझ्यासमोरच म्हणाली, "खुर्शीदा, घर तेच, माणसं तीच. फक्त मोठीच्या जागी धाकटी." अम्मी माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकायला उठले.

तू विचारलं होतंस, एकाच आईबापाची आपण तिघं, मग रिपोर्ट तीन तऱ्हेचे कसे? अगं, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. अम्मी-अब्बू दोघांकडे थॅलेसेमियाची एकेक खराब प्रत आहे. सोबतची चांगली असल्यामुळे त्यांना कधी त्रास झाला नाही. शहजादला दोघांकडूनही खराब आली. मला एक. तुला एकही नाही. फैजानही माझ्यासारखाच, मायनर. म्हणून आमच्या प्रत्येक बाळाला, दरवेळी नव्याने, शहजादसारखं होण्याची चारात एक शक्यता होती. तुझ्या बाबतीत ती भीतीच नाही. तुझं मूल फार तर माझ्यासारखं निघेल.

फार तर माझ्यासारखं! लिहून गेले खरी.

तुझा रिपोर्ट आला तेव्हा अम्मीने तुझं कपाळ चुंबलं. मला वाटत होतं, तुझाही माझ्यासारखाच निघावा. निघाला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पुटपुटले, "रिदाचं नशीबच मोठं." मागे शहजाद उभा होता. "माझ्यासमोर बोलतेस, आपा?" म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही. डॉक्टरांनी आमचं लग्न मोडायला सांगितलं नव्हतं. "गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते. ठरवायचं तुम्ही," असं म्हणाले होते. बाहेर आल्यावर मी फैजानकडे बघितलं. "अम्मीला विचारतो," एवढंच बोलून तो सातपूरला सेकंड शिफ्टला निघून गेला. मग त्याच्या अम्मीचाच नकाराचा फोन आला.

हे मी जळून लिहितेय की तुझ्या काळजीपोटी, माझं मलाच कळत नाही. म्हणून माझं ऐकू नकोस. सरळ त्यालाच विचार, आपलं मूल मायनर निघालं तर काय म्हणशील?

आपा


नाशिक रोड
२४ नोव्हेंबर

रिदा,

काल फोनवर तू किती खुशीत होतीस. "आपा, तो म्हणाला, निघू दे, मीही मायनरच आहे. आणि अम्मीशी मीच बोलेन म्हणाला." मी "छान" म्हणाले आणि दुधाचं निमित्त करून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

हेच ऐकायला मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते. मला तो असं का म्हणाला नाही? तुझ्यात काय आहे की त्याला बोलायचा धीर आला? ते कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही. की मला सोडल्यावर त्याला अक्कल आली? तसं असेल तर तीही तुझ्याच वाट्याला आली.

हो म्हण, रिदा. माझ्याकडे बघून नाही म्हणालीस तर मी तुला कधीच माफ करणार नाही. निकाहला मी घरातच असेन, पाहुण्यांना वाढेन, तुझ्या सासूला पान देईन. मेंदी मात्र दुसऱ्या कुणाकडून काढून घे. तुझा हात धरून त्याचं नाव लिहायला मला जमणार नाही. शहजाद म्हणतो, जमेल. त्याला काय, सगळंच जमतं.

तुझ्यासाठी दुवा मागते, ती खरी आहे. जळतेय, तेही खरं आहे. दोन्ही घे.

तुझीच,
अरफा आपा