बाबांच्या जीपने धरलेली हवा

शिरूर अनंतपाळ,
सोमवार

तीर्थरूप किशनमामा यांस,

सुतकात नमस्कार करीत नाहीत, तेव्हा तो तेराव्यानंतर पोचला असे समजावे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला माहूरहून येता आले नाही. आता काठीशिवाय चालता का? आई बरी आहे. (म्हणजे जेवते. दादा घर विकून तिला लातूरच्या फ्लॅटवर नेणार म्हणाला, तेव्हापासून बोलत नाही.)

काल बाबांच्या अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या. त्यांच्याच जुन्या डिझेल जीपने गेलो. दादा चालवत होता, मागे आप्पासाहेब काका मांडीवर कलश घेऊन. चाकूरजवळ जीप बंद पडली. मी बॉनेट उघडून फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, तर डिझेलऐवजी फेस. म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, जीपने हवा धरली होती. (बाबांनी हे मला शिकवले, दादाला नाही, दादाचे कपडे खराब होत.) फेस थांबेपर्यंत पंप मारून स्क्रू बंद करायचा, एवढेच काम. पण काकांना ते पटले नाही. "सटवाजीचा जीव अडकलाय. कावळा शिवंना झाला की करतावच की तसं, शिवशंकर, काही तरी कबूल कर." दादाने हात जोडून गुटखा सोडला. इकडे फेस संपलाच होता. चावी फिरवली, जीप सुरू. त्यानंतर हवेबद्दल माझे कोण ऐकणार?

अहमदपूरला पुन्हा बंद. दादाने आईला दरवर्षी रेणुकामातेच्या दर्शनाला न्यायचे कबूल केले. सुरू. लोह्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा बंद पडली, ती काही केल्या सुरूच होईना. "बारक्यासारक्यानं भागंना गड्या," काका म्हणाले, "मोठं बोल." दादा घामाघूम. शेवटी म्हणाला, "बाबा, घर विकत न्हाई. आईच्या नावावर करतो." पुढच्याच चावीला जीप सुरू झाली. काका रडले, दादाही रडला. मी हात पुसले.

आपली भाची,
दीपमाला

ता.क. हवा कुठून शिरते ते मला अहमदपूरलाच सापडले होते. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या सांध्याला ग्रीस फासले की फेस थांबे. नट सैल होता, पाना हातात होता. मी ग्रीस पुसून टाकले. लोह्याला तर फेस केव्हाच संपला होता. स्क्रू तेवढा मी बंद केला नव्हता.

आणखी एक. दहाव्याला काठी टेकत का होईना, या. घराचे बोलणे दादाकडून चार माणसांत पुन्हा वदवून कागदावर घ्या. तुमच्यापुढे तो फिरणार नाही. बाराव्याला तो जीप लातूरच्या मिस्त्रीकडे नेणार आहे, आणि मिस्त्रीला तो सैल नट सापडायला दोन मिनिटे पुरतील. बाबा असते तर इंजिन इतका वेळ हवेवर चालवले म्हणून मला नक्की रागावले असते. बाकीच्याबद्दल नसते, असे वाटते.